मोजणीदारांचा गळका हौद

मित्रांनो, मी एका घराच्या मागच्या अंगणातला जुना पोहण्याचा तलाव आहे. तलाव म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर कमळे आणि बदके येतील. माझ्यात तसले काही नाही. मी पंधरा हात लांब, आठ हात रुंद, एका टोकाला छातीइतका आणि दुसऱ्या टोकाला डोक्यावरून पाणी जाईल इतका खोल. माझ्या अंगावर निळ्या फरश्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच आता तडकल्या आहेत आणि माझा एक कोपरा बोटभर वर उचललेला आहे. हे सगळे कसे झाले ते सांगतो.

ज्यांनी मला बांधले ते जमिनीची मोजणी करत. सगळी गल्ली त्यांना मोजणीदार म्हणे. त्यांची बायको शाळेत पोहायला शिकवायची, म्हणून ती सगळ्यांची बाई. शाळेच्या मोठ्या तलावाला घाबरणाऱ्या लहान मुलांसाठी घरामागे एक छोटा तलाव असावा, असे बाईंना फार वाटे. मोजणीदारांनी ते मनावर घेतले. तीन आठवडे ते नुसते कागदावर रेघा मारत होते. खड्डा खणला तेव्हा रोज सकाळी ते सुतळी आणि सपाटी तपासायची पाणसळ घेऊन खाली उतरत आणि इंच न् इंच तपासत. शेवटी गवंडी वैतागला.

"साहेब, हौद बांधायचाय की विमानतळ?"

"हौदच बांधायचाय. पण पाणी खोटं बोलत नाही. काठ एका बाजूला केसभर जरी खाली राहिला ना, तरी ते सगळ्यांना दाखवून देईल."

तेव्हापासून मोजणीदार मला हौदच म्हणू लागले. गवंडी चिडका असला तरी कामाला पक्का होता. बसवलेल्या प्रत्येक फरशीवर तो बोटाच्या पेराने टकटक करी आणि आवाज पोकळ आला की ती उखडून पुन्हा बसवी. अगदी शेवटी वायरमन आला. त्याने काठापासून दीड हात खाली, माझ्या लांब भिंतीत एक गोल दिवा बसवला. दिव्याची वायर मागच्या एका नळीतून जमिनीत जात होती. त्या नळीचे तोंड त्याने मूठभर लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, लावून बुजवले. त्याला घरी जायची घाई होती. गवंड्यासारखी टकटक करून त्याने काही पाहिले नाही.

माझी पुढची वीस-बावीस वर्षे मोठ्या आनंदात गेली. गल्लीतली मुले रडत यायची आणि ओरडत जायची. बाई त्यांना बेडकासारखे पाय मारायला शिकवत, म्हणून मुलांनी त्यांचे नाव बेडूकबाई ठेवले होते. मोजणीदार मात्र कधी पाण्यात उतरले नाहीत. त्यांना पाण्याची विलक्षण भीती वाटे. ते काठावर खुर्ची टाकून बसत आणि बायकोकडे बघत राहत. बाई सगळ्यांना हसून सांगत, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमचे हे अजून मला पाण्यात पाहतात."

पुढे मुले मोठी झाली. शहरात मोठा, झाकलेला तलाव झाला. बाई निवृत्त झाल्या. माझ्यात पाने साचू लागली, तळाशी शेवाळ आले, दिवा लावायचे कोणाला कारणच उरले नाही. दिव्यामागची ती लांबी सुकत होती, भेगाळत होती, आणि त्याची खबर माझ्याशिवाय कोणालाच नव्हती.

मग एके दिवशी सकाळी मोजणीदारांच्या हातातून चहाचा कप पडला आणि त्यांच्यामागोमाग तेही पडले. अर्धांगाचा झटका होता. ते घरी आले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला होता. शब्दांचाही घोटाळा झाला होता. चष्मा हवा असला की ते "चमचा" म्हणत. खिडकी उघडायला सांगायचे असले की "टोपी, टोपी" म्हणून ओरडत, आणि बाईंनी टोपी आणून दिली की स्वतःवरच चिडून रडत. ज्या माणसाने जन्मभर एक इंच चुकू दिला नाही, त्याचा एकही शब्द जागेवर पडत नव्हता.

त्यांना व्यायाम द्यायला एक तरुण डॉक्टरीण येई. घरामागच्या पायऱ्यांवरून तिने मला पाहिले आणि ती थबकली.

"बाई, हा तलाव चालू होईल का हो? पाण्यात शरीर हलकं होतं. जमिनीवर जे त्यांना जमत नाहीये, ते छातीभर पाण्यात जमेल. फक्त उशीर नको. पहिले सहा महिने फार मोलाचे असतात, आणि त्यातले दोन तर गेलेच."

बाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. चार दिवसांत त्यांनी एकट्यांनी मला घासून लख्ख केले. गुडघे सुजले, पण थांबल्या नाहीत. मी भरलो. दोघींनी मिळून मोजणीदारांना पायऱ्यांवरून खाली आणले. भीतीने त्यांचे दात वाजत होते. डाव्या हाताची नखे त्यांनी बाईंच्या खांद्यात इतकी रुतवली की रक्त आले. बाई म्हणत राहिल्या, "मी आहे ना. मी आहे." तिसऱ्या दिवशी ते माझ्या तळावर दोन्ही पाय टेकून उभे राहिले. सहाव्या दिवशी त्यांनी उजवा पाय पुढे सरकवला. वीतभरच, पण स्वतःचा स्वतः. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या साऱ्या आयुष्याचे सार्थक झाले असे वाटले.

आठव्या दिवशी माझे पाणी चार बोटे उतरले.

बाईंना आधी वाटले, उन्हाने आटले असेल. त्यांनी एक बादली भरून माझ्या पायरीवर ठेवली, तिच्या आतही खूण केली आणि माझ्या फरशीवरही. दुसऱ्या दिवशी बादलीतले पाणी नखभर कमी झाले होते आणि माझे पुन्हा चार बोटे. म्हणजे ऊन नव्हे, गळतीच. त्यांनी तलाव दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला.

"दोन महिने तरी जमायचं नाही," तो म्हणाला. "आणि आलो की सगळ्या फरश्या काढाव्या लागतील. तोवर चालू द्या तसंच."

"दोन महिने माझ्याकडे नाहीत हो," बाई म्हणाल्या. पण फोन आधीच बंद झाला होता.

तेव्हा त्यांनी ठरवले की आपणच करायचे. औषध पाजायच्या पिचकारीत लाल रंग भरून त्या माझ्यात उतरल्या. पाणी स्थिर झाले की भेगेजवळ रंगाचा एक थेंब सोडायचा. रंग जागीच पसरला तर भेग वरवरची, आत ओढला गेला तर गळती तिथेच. पायऱ्यांजवळच्या एका तड्याशी रंग किंचित हलला. बाईंच्या डोळ्यांत आशा चमकली. मला ओरडून सांगायचे होते, "बाई, तिथे नाही! तिकडे दिव्याकडे या!" पण मला कुठले तोंड? त्यांनी पाण्याखाली घट्ट होणारी लांबी आणली. दोन पुड्यांतले दोन गोळे एकत्र मळायचे आणि दाबून बसवायचे. तो तडा त्यांनी बुजवला, वर हात फिरवून गुळगुळीत केला. दुसऱ्या दिवशी पाणी वीतभर उतरलेले होते.

बाई रोज नळ सोडून मला भरत, पण आता त्या धारेपेक्षा माझी गळती जोरात होऊ लागली. पाणी कमरेइतके झाले. मोजणीदारांचा पाय कमरेइतक्या पाण्यात उचलेना. दोनदा ते कोसळले, एकदा नाकातोंडात पाणी गेले. डॉक्टरीण म्हणाली, "आता नको. पाणी पुरेसं झालं की मला कळवा." त्यानंतर आठ दिवस पाऊस लागला. बाई खिडकीतून माझ्याकडे बघत आणि म्हणत, "पावसानं तरी टिकलंय थोडं पाणी." मोजणीदारांची खुर्ची व्हरांड्यात असे. त्यांना दुसरे काम नव्हते. पावसाने पाणी चढे, आणि पाऊस थांबला की पुन्हा त्याच जागी येऊन थांबे. रोज त्याच जागी. ते त्यांनी पाहिले. बाईंनी नाही पाहिले, कारण बाईंना स्वयंपाक होता, औषधे होती, नवऱ्याचे अंग पुसणे होते.

"दिवा," मोजणीदार म्हणाले.

काठावर समोरच खांबावरचा दिवा होता. बाईंनी तो लावला.

"दिवा! दिवा!"

"लावला की हो. भर दुपारी दिवा कशाला हवाय तुम्हाला?" त्यांनी खोलीतलाही लावला. मोजणीदारांनी डावी मूठ खुर्चीच्या दांडीवर आपटली आणि ते लहान मुलासारखे रडू लागले. बाईंनी त्यांचे डोके पोटाशी धरले. "उगी. उगी. काय हवंय ते मला कळत नाही हो. माझंच चुकतंय." दिवसातून चार-चार वेळा हेच चाले. मित्रांनो, कुठे फुटले आहे ते त्या घरात दोघांनाच ठाऊक होते. एकाला वाचा नव्हती आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायची सोय उरली नव्हती.

नवव्या दिवशी ऊन पडले आणि बाईंनी ठरवले की मला पूर्ण रिकामा करायचा, कोरडा करायचा आणि तळापासून काठापर्यंत पाणी न झिरपणारा रंग द्यायचा. हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी मोटर आणली. जाड नळी गटारात सोडली आणि बटण दाबले.

मी हादरलो. तुम्हाला वाटेल, रिकामे होण्यात घाबरण्यासारखे काय? पण आठ दिवसांच्या पावसाने माझ्याभोवतीची सगळी माती पाणी पिऊन फुगली होती. ते पाणी खालून मला वर ढकलत होते. मी भरलेला होतो, माझ्या पोटातल्या पाण्याच्या वजनाने मी जागेवर होतो. ते वजनच बाई उपसून टाकत होत्या. पाणी गुडघ्यावर आले. मग पोटरीवर. माझा तळ कण्हू लागला. खोल टोकाच्या कोपऱ्यात मला कोणीतरी पहारीने उचकटते आहे असे वाटले, आणि फाडकन आवाज झाला. एका रांगेतल्या फरश्या काचेसारख्या तडकल्या. काठाचा दगड उचलला गेला. बाई काठावर होत्या, त्यांच्या हातातला ब्रश खाली पडला. व्हरांड्यातून मोजणीदार ओरडत होते, शब्द नव्हते, नुसता आवाज.

समोरच्या घरात एक निवृत्त प्लंबर राहत. गल्लीत सगळे त्यांना नळकाका म्हणत. इतक्या उन्हात गटारातून स्वच्छ पाणी कुठून वाहते आहे, हे पाहायला ते बाहेर आले होते. आवाज ऐकून ते फाटक ढकलून धावतच आत शिरले.

"मोटर बंद करा! आधी मोटर बंद करा!"

बाई तडकलेल्या फरश्यांकडेच बघत होत्या. काकांनी स्वतःच बटण बंद केले.

"अहो बाई, जमीन पाण्यानं भरलेली असताना हौद रिकामा करतात का? रिकामी होडी वर येते तसा अख्खा हौद वर येईल! घराची भिंत किती लांब आहे त्याच्यापासून?"

बाईंनी वळून घराच्या भिंतीकडे पाहिले. पाच पावलांवर होती. काकांनी फोन काढला, ओळखीच्या टँकरवाल्याला हाक घातली. "तीन खेपा लागतील. हातातलं सगळं सोड आणि ये."

अर्ध्या तासाने पहिला टँकर आला. तो अर्धा तास मी कसा काढला, माझे मला माहीत. जाड धार तळावर आदळली तेव्हा मला इतके हायसे वाटले की काय सांगू. उचललेला कोपरा मात्र पुन्हा खाली बसला नाही.

बाई पायरीवर बसून होत्या. तोंडाला पदर लावून त्या रडत होत्या. "मीच घात केला काका. यांचे दिवस चाललेत, एकेक दिवस चाललाय, आणि मी होतं तेही मोडून ठेवलं."

काकांनी टँकरची नळी खोल टोकाकडे वळवली. दुसरा टँकर रिकामा झाला. पाणी चढत चढत माझ्या भिंतीतल्या गोल दिव्याशी आले.

"दिवा," व्हरांड्यातून मोजणीदार म्हणाले.

"काय म्हणतायत ते?" काकांनी विचारले.

"काही नाही. शब्द इकडचे तिकडे होतात त्यांचे."

"शब्द होत असतील. पण बोट बघा ना."

बाईंनी डोळे पुसून पाहिले. मोजणीदारांचे बोट खांबावरच्या दिव्याकडे नव्हते. ते खांबाच्या खाली, माझ्या भिंतीकडे होते, आणि एका रेषेत, जराही न हलता धरलेले होते. काका उठले. माझ्या काठावर पालथे पडून त्यांनी फरशीवरचा मळाचा पट्टा निरखला. "बाई, इथे पाणी कितीतरी दिवस थांबलेलं दिसतंय. बरोब्बर या दिव्याशी. साहेबांना ते दिसलं आणि आपण आंधळे झालो."

बाई धावत व्हरांड्यात गेल्या. मोजणीदारांसमोर गुडघे टेकून त्यांनी विचारले, "पाण्यातला दिवा? तिथे गळतंय?"

मोजणीदारांनी डोळे मिटले आणि मान हलवली. कितीतरी वेळ हलवतच राहिले.

घराचे मेन स्विच बंद केले. तिसरा टँकर रिकामा झाला. बाई पाण्यात उतरल्या, बुडी मारून दिव्याचा स्क्रू काढला आणि दिवा वायरसकट ओढून काठावर ठेवला. मागच्या खोबणीत नळीचे तोंड उघडे होते. त्यांनी पिचकारीतून लाल थेंब सोडला. सुईत धागा ओवावा तसा तो सरळ नळीत शिरला आणि दिसेनासा झाला.

पण कळणे वेगळे आणि बुजवणे वेगळे. नळीतून वायर जात होती, तिच्याभोवती बोट जेमतेम शिरत होते. काका काठावर बसून लांबी मळून देत, बाई गोळा घेऊन बुडी मारत. पहिला गोळा पाण्याच्या ओढीने आत निघून गेला. दुसरा हातात फुटला. तिसऱ्या बुडीत त्यांचे बोट नळीच्या कडेने कापले. त्या वर आल्या तेव्हा त्यांच्या तोंडाचा रंग उडाला होता. "छाती फुटतेय," त्या म्हणाल्या.

"राहू द्या आज," काका म्हणाले. "उद्या कोणालातरी..."

"उद्या पाणी पुन्हा खाली गेलेलं असेल. मळा तुम्ही."

पाचव्या बुडीनंतर खोकल्याने त्यांना काठ धरवेना. सहाव्या वेळी त्या खाली गेल्या, तेव्हा व्हरांड्यातून आवाज आला.

"एक. दोन. तीन."

काका मळता मळता थांबले. मोजणीदार खुर्चीत पुढे झुकले होते. ते मोजत होते. "चार. पाच. सहा." आकडे जागेवर पडत होते, एकामागून एक, स्वच्छ, जोडलेले. ज्याला पाणी मागता येत नव्हते, तो माणूस बायकोचा श्वास मोजत होता. बाई माझ्या भिंतीला चिकटून होत्या. अंगठा नळीच्या तोंडावर रोवून त्यांनी लांबी आत आत दाबली. त्यांच्या छातीचे ठोके मला पाण्यातून लागत होते. "सत्तावीस. अठ्ठावीस." मी सगळे अंग ताठ केले. त्या हलेनात. "एकतीस." आवाज फाटला. "बत्तीस! तेहतीस!"

बाई वर आल्या. हवा ओढताना त्यांच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज निघाला. काठ धरून त्यांनी डोळ्यांवरचे पाणी निपटले. मग त्यांनी व्हरांड्याकडे पाहिले.

"कोण मोजत होतं?"

"चौतीस," मोजणीदार म्हणाले. त्यांच्या हनुवटीवरून डोळ्यांतले पाणी ओघळत होते.

काकांनी फरशीवर पाण्याच्या रेषेला खडूची खूण केली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बाई अनवाणीच अंगणात आल्या. पाणी खुणेला टेकून उभे होते. त्या हसल्या नाहीत. नुसता माझ्या काठावर तळवा ठेवला आणि बसून राहिल्या.

मित्रांनो, पुढे सगळे छान झाले असे मी सांगणार नाही. माझ्या गळतीने साडेतीन आठवडे खाल्ले होते. डॉक्टरीण म्हणाली, "अजून बारा आठवडे आहेत. जेवढं मिळेल तेवढं घेऊ." मोजणीदारांचा उजवा हात परत आला नाही, तो मांडीवर पडून असतो. जमिनीवर ते काठी घेऊन पलंगापासून व्हरांड्यापर्यंत येतात, त्यापुढे नाही. शब्द अजून हुलकावण्या देतात. मला पाहून मात्र ते न चुकता "हौद" म्हणतात आणि माझ्या तिरक्या कोपऱ्याकडे बघून कपाळाला आठ्या घालतात.

तुमच्याही घरात माझ्यासारखे काहीतरी जुने असेल. एखादी टाकी, एखादा नळ, एखादे छप्पर. एखादे माणूसही असेल, ज्याला नीट सांगता येत नाही. त्यांची वर्षानुवर्षे विचारपूस करायची नाही आणि बिघडले की घाईने उपसायला लागायचे, असे करू नका. आधी जवळ बसा. पाणी कुठे थांबते ते पाहा.

रोज सकाळी बाई मोजणीदारांना घेऊन माझ्यात उतरतात. छातीभर पाण्यात आले की त्या हात सोडतात आणि चार पावले मागे जातात. ते एकटे चालू लागतात. तिसऱ्या पावलाला डगमगतात, भीतीने त्यांचे तोंड उघडते. बाई पोहोचेपर्यंत त्यांना धरून ठेवणे, एवढेच आता माझे काम आहे. तेवढ्यासाठी मला भरलेला राहू द्या.